घायपात : झाड आपल्या बांधावर, पण यंत्र कोणाकडे?



माळावरच्या बांधाला, रेल्वेच्या रुळांकडेला, ओढ्याच्या काठाला घायपात उभी असलेली तुम्ही रोज पाहता. काही भागांत तिला केकताड म्हणतात. जनावर सहसा तिला तोंड लावत नाही, पाऊस ओढला तरी ती मरत नाही, खत-पाणी तर तिला कुणी विचारतच नाही. त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, की साहेब, पडीक वरकस जमिनीत घायपातच लावली तर काय होईल? वाखाला भाव आहे म्हणतात, मग रान कशाला रिकामं ठेवायचं?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. हाच प्रश्न दुसऱ्या मुलखांतल्या कास्तकारांपुढे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. त्यांनी हजारो एकर घायपात लावली. त्यात काही लोक गबर झाले, आणि काही मात्र हिरव्यागार पिकात उभे राहून उपाशी राहिले. असे का झाले, ही हकीकत आपण समजून घेतली, तर आपल्या बांधावरच्या या झाडाकडे नीट पाहता येईल.

पाहुणी घायपात

पहिली गोष्ट, घायपात मूळची आपल्याकडची नव्हे. तिचे माहेर अमेरिका खंडात, मुख्यतः मेक्सिको देशात. मिरची, मका, भुईमूग, बटाटा ही मंडळीही त्याच खंडातली. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपातली गलबते अमेरिकेला पोचली, आणि पुढच्या काळात ही झाडे जगभर पसरली. १७५३ साली लिनीयस या शास्त्रज्ञाने तिला ‘अगेव्ह’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ थोर, नामांकित असा काहीसा होतो. बांधावरच्या काटेरी झाडाला एवढे मोठे नाव कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण तिचा मधला दांडा दोन-दोन पुरुष उंच वर गेलेला ज्याने पाहिला, त्याला ते नाव पटावे.

हे झाड कोरड्या मुलखात कसे तगते, हेही थोडे सांगतो. आपली तूर, भुईमूग, गहू ही पिके दिवसा पानांवरची बारीक छिद्रे उघडून हवा आत घेतात, आणि त्याच छिद्रांतून त्यांच्या अंगातले पाणीही उडून जाते. घायपात हे काम मुख्यतः रात्री करते. रात्री गारव्यात छिद्रे उघडायची, हवा घेऊन साठवायची, आणि दिवसा दार बंद करून आत अन्न तयार करायचे, असा तिचा शिरस्ता. जाड पानात पाणी साठलेले, वरून मेणाचा थर. म्हणून दुष्काळात ती हिरवी दिसते. मात्र हिरवी दिसते याचा अर्थ जोमाने वाढते असा नाही. पाणी कमी तर पान कमी, हा हिशेब तिलाही चुकलेला नाही.

घायपात आयुष्यात एकदाच फुलते. सात-आठ वर्षे, काही जाती तर वीस-पंचवीस वर्षे नुसती पाने काढत राहतात. मग मधून दांडा येतो, फुलोरा येतो, आणि त्यानंतर ते झाड वाळून जाते. पण जाताना पिलावळ मागे ठेवून जाते. बुंध्याशी फुटवे येतात, आणि सिसल नावाच्या जातीत तर दांड्यावरच चिमुकली रोपे धरतात. एका दांड्यावर ती हजार-दोन हजारांपर्यंत भरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

युकातानचे हिरवे सोने

मेक्सिकोच्या पूर्व टोकाला युकातान नावाचा प्रांत आहे. जमीन कशी, तर खाली चुनखडीचा कातळ आणि वर चार बोटे माती. नांगर घालायची सोय नाही. तिथले मूळचे माया लोक मका पिकवीत आणि दारापाशी घायपातीची झाडे राखून हाताने वाख काढीत. दोर, झोळ्या, निजायच्या टांगत्या खाटा, सारे या वाखाचे. तिथल्या ज्या बंदरातून हा वाख परदेशी जाई त्याचे नाव सिसल, आणि तेच नाव पुढे वाखाला चिकटले. खरे तर युकातानात व्यापारी लागवड झाली ती ‘हेनेकेन’ नावाच्या सख्ख्या बहिणीची.

आता अडचण कुठे होती ती पहा. घायपातीच्या पानात शेकडा तीन-चार भागच वाख असतो, बाकीचे पाणी आणि चोथा. हाताने खरवडून माणूस दिवसाकाठी काढून काढून किती काढणार? १८५० नंतरच्या दशकात युकातानमध्येच पान खरवडणारे चाक तयार झाले, आणि पुढे त्याला वाफेचे इंजिन जोडले गेले. तिकडे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानात गव्हाची कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे निघाली होती. पहिल्यांदा पेंढ्या तारेने बांधत, पण तारेचे तुकडे जनावरांच्या पोटात आणि पिठाच्या गिरण्यांत जाऊ लागले. १८७८ च्या सुमारास जॉन ॲपलबी याची सुतळीची गाठ मारणारी जोडणी आली, आणि तार जाऊन सुतळी आली. लाखो एकर गव्हाच्या पेंढ्यांना सुतळी! तिला वाख लागणार, आणि तो युकातानमध्ये पिकणार. बघता बघता सारा प्रांत हेनेकेनने भरून गेला. ‘हिरवे सोने’ असे तिकडे म्हणू लागले.

सोने खरेच होते, पण ते कोणाच्या घरात गेले?

कापलेले पान फार काळ ठेवून चालत नाही. एक-दोन दिवसांत ते यंत्रावर गेले नाही तर सुकते, आणि मग वाख सुटत नाही, सुटला तरी डागाळतो. पान जड, त्यात माल थोडा, म्हणून ते दूर नेणेही परवडत नाही. तेव्हा यंत्र मळ्यातच हवे. आणि इंजिनासकट यंत्र, मळाभर रूळ टाकून पाने ओढणाऱ्या खेचरांच्या गाड्या, वाख वाळवायच्या जागा, हे सारे उभे करायला भांडवल लागते. ते ज्याच्याकडे होते, तो जमीनदार झाला. माया शेतकऱ्याची मक्याची जमीन हळूहळू मळ्यात गेली, आणि तो मालकाच्या दुकानातून उधारीवर धान्य घेऊ लागला. उधारी फिटेपर्यंत मळा सोडायचा नाही, असा रिवाज होता. ती फिटत मात्र नसे. सावकारी म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगायला नको. माणसे कमी पडली तेव्हा मेक्सिकोच्या उत्तरेकडील याकी जमातीच्या लोकांना पकडून, कुटुंबे तोडून या मळ्यांवर आणले गेले. तिथे त्यांच्यातले पुष्कळ मेले.

बरे, जमीनदाराच्या वरही कुणी होताच. १९०२ साली अमेरिकेतील कापणीयंत्रांचे मोठे कारखाने एकत्र होऊन एकच बलाढ्य कंपनी झाली. त्याच वर्षी तिने युकातानच्या एका बड्या निर्यातदार पेढीशी गुप्त करार केला, आणि त्याचा हेतूच वाखाचा भाव खाली आणण्याचा होता. म्हणजे पान शेतकऱ्याच्या हातचे, यंत्र जमीनदाराचे आणि भाव परदेशी गिऱ्हाइकाचा. ही उतरंड ध्यानात घ्या.

१९१५ साली राज्यपाल साल्व्हादोर आल्वारादो यांनी कर्जात अडकलेल्या मजुरांची सुटका केली. १९३७ साली तर मेक्सिकोचे अध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी मळ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर काढून गावकऱ्यांच्या सामाईक मालकीत दिल्या. आता सगळे नीट होईल असे वाटले. इथे मात्र दोन गोष्टी अशा घडल्या, की ज्याला शेती कळते त्याने त्या मुद्दाम समजून घ्याव्यात.

एक तर जमीन गावाला मिळाली, पण यंत्रघर जुन्या मालकाकडेच राहिले. पान आपले, पण खरवडायला जायचे पुन्हा त्याच वाड्यावर, आणि खरवडाई तो म्हणेल ती. पुढे सरकारी संस्थेने यंत्रे ताब्यात घेतली, तेव्हा मालकाच्या जागी कचेरी आली, एवढेच पुष्कळांना वाटले.

दुसरी गोष्ट वाटणीची. युकातानात हेनेकेन लावल्यापासून पहिली तोडणी यायला सात वर्षे लागत. मळेवाला दरवर्षी थोडी नवी लागवड करी, म्हणजे एका बाजूला रोपे, मध्ये तोडणीची झाडे, दुसऱ्या बाजूला म्हातारी झाडे, असे चक्र चाले. जमिनीच्या रेघा ओढताना हे चक्र कुणी पाहिले नाही. एका गावाच्या वाट्याला सगळी कोवळी रोपे आली, दुसऱ्या गावाला सगळी वाळायला टेकलेली झाडे. एका गावाने काही वर्षे काय खायचे, आणि दुसऱ्याने त्यानंतर काय खायचे? नकाशावर वाटणी अगदी चोख होती म्हणा.

त्यानंतर गहू कापून तिथेच मळणारी यंत्रे आली, पेंढी बांधायची गरजच उरली नाही. मग नायलॉन आणि प्लास्टिकचे दोर आले. मेक्सिको सरकारने चालविलेला वाखाचा मोठा कारखाना १९९० नंतरच्या पहिल्याच वर्षांत बंद पडला.

बासष्ट रोपे

युकातानची मक्तेदारी मोडली कशी, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पूर्व आफ्रिकेत आजच्या टांझानिया देशाच्या जागी तेव्हा जर्मनांची वसाहत होती. रिखार्ड हिंडॉर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञाने १८९३ साली अमेरिकेतील फ्लॉरिडाहून सिसलची हजार रोपे मागविली. बोटीच्या लांबच्या प्रवासात बहुतेक मेली, आणि जिवंत पोचली ती फक्त बासष्ट. पेंढा भरलेल्या मगरीच्या पोटात लपवून रोपे आणली, अशी कथाही तिकडे सांगतात. ती ऐकायला छान आहे, एवढेच.

बासष्ट रोपांनी काय होणार? पण मघाचा हजार-दोन हजारांचा आकडा आठवा. दांडे आले, दांड्यांवर पिले धरली, आणि वीस वर्षांच्या आत, १९१३ साली, त्या वसाहतीतून सुमारे २० हजार टन वाख निर्यात झाला. १९६४ च्या सुमारास टांझानियाची निर्यात २ लाख टनांच्या वर होती, जगात पहिला नंबर. १९६७ साली सरकारने बरेचसे मळे ताब्यात घेतले. नेमक्या त्याच काळात प्लास्टिकच्या सुतळीने भाव पाडले, आणि विसावे शतक संपता संपता उत्पादन साधारण वीस हजार टनांवर, म्हणजे १९१३ च्या जागी येऊन ठेपले. तिथली मोठी यंत्रे अशी, की एका यंत्राचे पोट भरायला शेकडो हेक्टर मळा लागे. मळा आटला की यंत्र थांबते, आणि यंत्र थांबले की आजूबाजूच्या साऱ्यांचे पान जागच्या जागी वाळते. १९९९ च्या सुमारापासून तिथे जुन्या मळ्यांच्या जमिनी लहान शेतकऱ्यांना लागवडीला देऊन, पान मात्र कंपनीच्या यंत्रावर, अशी पद्धत सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, मग यंत्र लहानच करावे, म्हणजे शेतकऱ्याच्या आवाक्यात येईल. ब्राझील देशाने तेच केले. तिथल्या बाहिया प्रांतात सिसल लहान लहान शेतकऱ्यांकडे आहे, आणि छोटे इंजिन लावलेले यंत्र गाडीवर घालून या शेतातून त्या शेतात नेतात. आज जगात सर्वांत जास्त सिसल ब्राझीलमध्येच होते. परंतु त्या यंत्रात पान हाताने सारावे लागते, आणि फिरत्या चाकाने पानाबरोबर बोटे, पंजे ओढून नेले. हात गमावलेल्या माणसांसाठी तो मुलूख ओळखला जाऊ लागला. उसाच्या चरकात आणि कडबा-कुट्टीत हात गेलेली माणसे आपल्याकडेही आहेत, म्हणून हे सांगतो. त्याच बाहियात व्हालेंते गावच्या लहान शेतकऱ्यांनी १९८० साली संघटना काढली, आणि पुढे वाखाच्या सतरंज्या विणण्याचा स्वतःचा कारखाना उभा केला. नुसता वाख विकण्यापेक्षा विणलेला माल विकावा, म्हणजे मधला पैसा गावात राहतो, हे त्यांनी ओळखले. एवढ्या लांबलचक इतिहासात मला पटलेले उदाहरण हे एकच.

आपल्याकडचा वाख

आपल्याकडे घायपातीचे मळे तसे झाले नाहीत. ती राहिली कुंपणाला आणि बांधाला. पण वाखाची विद्या मात्र आपल्याकडे होती, आणि ती प्रामुख्याने मातंग समाजातील कारागिरांच्या हातात होती. पाने तोडायची, काटे तासायचे, पाने चिरून-ठेचून पाण्यात कुजत घालायची, मग आपटून, धुवून, वाळवून वाख काढायचा आणि पीळ द्यायचा. दावे, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा, सारे यातून येई. मोटेचा नाडा तुटला तर विहिरीत मोट आणि बैलांच्या जिवाला घोर, म्हणून पीळ पक्का असावा लागे. गावाची सारी बागायत या नाड्यावर लोंबकळत होती म्हटले तरी चालेल. पोळ्याला नवे दोर घालायचे, तेही याच हातचे. मोबदला मिळे तो बलुत्याचा, खळ्यावरच्या धान्याचा. घाणेरड्या पाण्यात कंबरेइतके उभे राहून, अंगाला खाज सोसून केलेल्या या कामाला गावाने मान थोडा दिला आणि धान्यही मोजूनच दिले. हे आपण आता तरी कबूल केले पाहिजे.

विहिरीवर इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली. पाठोपाठ नायलॉनचे दोर बाजारात आले. वाखाचा धंदा बसला, आणि जाणते हातही कमी होत गेले. आज कुणी तुम्हाला म्हणाला की घायपात लावा, तर झाड लावणारे पुष्कळ मिळतील, वाख काढणारा कोण, हे आधी त्याला विचारा.

लावायचीच असेल तर

आता कामाचे बोलू. बांधावर दिसणारी, निळसर-करड्या रुंद पानांची, कडेला आकड्यासारखे काटे असलेली घायपात वेगळी, आणि सिसल वेगळी. सिसलची पाने हिरवी, सरळ तलवारीसारखी, कडेला बहुधा काटे नाहीत, फक्त टोकाला एक काटा. वाखासाठी सिसल बरी. मेक्सिकोत टकीला नावाची दारू होते ती आणखी तिसऱ्या जातीपासून, आणि तीही पानापासून नव्हे, मधल्या गड्ड्यापासून. रोपे विकणारा सिसल, दारूची घायपात आणि बांधावरचे केकताड एकाच पिशवीत घालू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ओडिशातील बामडा येथे सिसलचे सरकारी संशोधन केंद्र आहे. जातिवंत रोपांची चौकशी तिथे किंवा कृषी विद्यापीठात करावी.

जमीन हलकी चालेल, मुरमाड चालेल, पण पाणी तुंबणारी मुळीच चालणार नाही. काळ्या चिबड जमिनीत मुळे कुजतात. दांड्यावरची पिले आधी वाफ्यात वर्षभर वाढवून, एकसारखी निवडून, पावसाळ्याच्या सुरुवातीस लावावीत. दोन ओळी एकमेकींपासून १ मीटरवर, मग ३.५ मीटर मोकळी जागा, पुन्हा दोन ओळी, आणि ओळीत झाडे १ मीटरवर, अशी जोडओळ ठेवली तर हेक्टरी सुमारे ४,४०० झाडे बसतात. मोकळ्या पट्ट्यात पहिली दोन वर्षे मटकी, कुळीथ (हुलगा) जे तुमच्याकडे येते ते घ्या. गवत काढा. बुंध्याचे फुटवे वाढू दिले तर मूळ झाड खुरटते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास खालची पाने तोडणीला येतात. तोडताना शेंड्याभोवतीची पंधरा-वीस पाने सोडायची. लोभाने जास्त तोडलेले झाड पुढच्या वर्षी हात आखडते. सगळे रान एकाच वर्षी लावू नका, युकातानच्या गावांचे काय झाले ते वर वाचलेच आहे.

आणि हा हिशेब रोपे घेण्यापूर्वी कागदावर मांडा. शेकडा ३ ते ४ वाख, म्हणजे एक टन वाखासाठी २५ ते ३३ टन पान. बैलगाडीत एक टन धरला तर पंचवीस ते तेहतीस गाड्या. त्या गाड्या एक-दोन दिवसांच्या आत ज्या यंत्रावर पोचायच्या आहेत, ते यंत्र तुमच्या गावापासून किती कोसांवर आहे? ते कोणाच्या मालकीचे आहे? खरवडाई किती, आणि ती लिहून देणार का? यंत्र चार शेतकऱ्यांनी किंवा गटाने मिळून घेणार असाल, तर पान सारायच्या तोंडाला आडोसा असल्याशिवाय ते चालू करू नये. लहान मुलांना त्याच्या आसपास फिरकू देऊ नये. रस अंगावर उडाला की कातडीची आग होते, म्हणून हातमोजे आणि अंगभर कपडे घालावेत.

यंत्र जवळपास नसेल तर घायपात बांधावरच ठेवा. बांधाची माती ती धरून ठेवते, कुंपणाचे काम करते, आणि घरापुरते दोर वळणारा कुणी जाणता गावात असेल तर त्याला पाने द्यावीत. पाने कुजत घालायची तर ओढ्यात किंवा पाझर तलावात घालू नयेत, मासे मरतात आणि खालच्या वस्तीचे पाणी बिघडते. विहिरीपासून दूर वेगळा खड्डा घ्यावा, आणि त्यातले पाणी ओढ्याला मिळणार नाही अशी पाळ घालावी. वाख धुतल्यावर उरलेला चोथा उकिरड्यात शेणाबरोबर थर देऊन टाकला तर कुजून जातो. तो ताजाच शेतात पसरू नये.